गोळीचे वंगण आणि घाण्याचे तेल

समाजाच्या वार्षिक स्मरणिकेत बंदुकीच्या गोळीविषयी लेख पाहून काही वाचकांस नवल वाटेल. आमचा समाज घाण्याचा. तरवारीच्या व बंदुकीच्या कथा इतरांच्या स्मरणिकांतून यावयाच्या आणि आमच्या स्मरणिकेत तीळ, जवस व ढेप यांचा हिशेब यावयाचा, अशी जणू वाटणीच होऊन गेली आहे. परंतु जे जे म्हणून एकमेकांवर घासत चालते ते सर्व कधी ना कधी तेल्याच्या दाराशी येते. बैलगाडीचा आख आला, विहिरीचा रहाट आला, वाड्याचे गंजलेले कुलूप आले. त्याच रांगेत घरी ओतलेली शिशाची गोळीही बसते. चामोर्शीसारख्या जंगलकाठच्या गावी, जेथे वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाची शेती एका बाजूस व रानडुकरांचे कळप दुसऱ्या बाजूस, तेथे ही गोळी अगदीच परकी नव्हती. शिवाय या गोळीच्या वंगणावरून हिंदुस्थानच्या इतिहासात जो स्फोट झाला त्यात 'तेल' हा शब्द एका महत्त्वाच्या ठिकाणी आलेला आहे, आणि त्याची नोंद आमच्या लोकांनी घ्यावी तितकी घेतलेली नाही. म्हणून हा प्रपंच.

प्रथम वंगणाची गरज काय ते पाहू. आमच्या भागात जिला भरमार म्हणतात ती ठासणीची बंदूक तोंडाकडून भरतात. नळीत आधी दारू, तिच्यावर गोळी, आणि गजाने ठासणे. काळी दारू जळाली की सगळीच धूर होऊन जात नाही. तिचा निम्म्याहून अधिक भाग काजळी व क्षार यांच्या रूपाने मागे राहतो. हे क्षार हवेतील ओल शोषतात, कोरडे पडले तर नळीच्या आत खापरीसारखे घट्ट बसतात, आणि चार-सहा बारांनंतर गोळी आत जाईनाशी होते. दुसरी अडचण शिशाची. शिसे मऊ, ३२७ अंशांवर वितळणारे; म्हणूनच ते चुलीवर पळीत वितळवून साच्यात ओतता येते. पण त्याच मऊपणामुळे ते लोखंडी नळीस घासताना आपला अंश तेथे सोडून जाते. वंगण ही दोन्ही कामे करते. गोळी व नळी यांच्यामध्ये निसरडा थर राहतो, आणि काजळी मऊ राहून पुढच्या गोळीबरोबर खाली लोटली जाते. गोलाकार गोळी असेल तर तेलात भिजविलेली चिंधी तिच्याभोवती गुंडाळीत. लांबट गोळी असेल तर तिच्या खाचांत मेणाचे मिश्रण भरीत.

आता कोणते तेल घ्यावे? येथे घाणेवाल्याचे ज्ञान कामास येते. बंदूकवाल्याला बंदूक कळते, तेल कळतेच असे नाही.

आमच्या पूर्व विदर्भात घरोघरी जवसाचे तेल खाल्ले जाई, म्हणून तेच हाताशी. पण गोळीस ते अगदी वाईट. जवसाचे तेल सुकणारे आहे. हवेतील प्राणवायू घेऊन त्याचा लाखेसारखा पापुद्रा बनतो. सुतार व रंगारी त्याला याच गुणासाठी मान देतात. नळीत मात्र तो पापुद्रा वंगण न राहता गोंद होतो. तिळाचे तेल तितके सुकत नाही, परंतु पातळ. उन्हाळ्यात चिंधीतून गळून खाली दारूत उतरते आणि दारू भिजली की बार फुसका जातो. करंजीचे तेल दिव्याला व खरजेला उत्तम, पण तेही पातळच. एरंडीचे तेल या सर्वांत दाट आणि चिकट. गाडीच्या आखाला काजळीत मळून ते देण्याची रीत याच दाटपणामुळे पडली. जाता जाता सांगावयास हरकत नाही की पहिल्या महायुद्धातील कित्येक विमानांची फिरती इंजिने एरंडीच्याच तेलावर चालत, आणि वेकफील्ड कंपनीने १९०९ मध्ये आपल्या वंगणास 'कॅस्ट्रॉल' हे नाव दिले ते एरंडीच्या इंग्रजी नावावरूनच. मोटारीच्या दुकानात तो डबा पाहणाऱ्या आमच्या तरुणांना आपल्या आजोबांच्या घाण्याची आठवण क्वचितच होत असेल!

राहिले मोहाचे तेल. मोहाच्या फुलांची कीर्ती सर्वत्र, पण फळातील बियांची, ज्यांना कोणी टोळी तर कोणी टोरी म्हणतात, तितकी नाही. या बियांचे तेल थंडीत तुपासारखे थिजते व उन्हाळ्यात पातळ होते. म्हणजे तेल व चरबी यांच्या मधली ही वस्तू, आणि ती झाडाची. तिची ढेप गुरे आवडीने खात नाहीत. ओढ्यात टाकली तर मासे गुंगून वर येतात. तेल मात्र खाण्यास, दिव्यास, अंगास आणि साबणास चालते. गोळीच्या दृष्टीने त्याचा गुण असा की ते जवसासारखे सुकून गोंद होत नाही आणि थिजल्यावर जेथे लावावे तेथेच राहते. दोष एवढाच की वैशाखाच्या उन्हात ते थाऱ्यावर राहत नाही. त्यावर उपाय मेणाचा. आग्या मोहोळाचे मेण आमच्या जंगलात मिळते. ते साधारण ६२ ते ६४ अंशांवर वितळते, म्हणून चांद्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यातही घट्ट राहते. नुसते मेण मात्र हिवाळ्यात कडक होऊन तडकते. दोहोंचे मिश्रण केले की एकाचा दोष दुसरा झाकतो. आमच्या लहानपणी घाण्यावरील वृद्धांकडून आम्ही जे ऐकले त्याचा सारांश हाच की थंडीत तेल वाढवावे, उन्हाळ्यात मेण वाढवावे, आणि बोटाने दाबले असता खळगा पडेल पण बोटाला ओल लागणार नाही इतपत घट्टपणा असावा. त्यांनी कधी अंश मोजले नाहीत व तोळेमासेही तोलले नाहीत. आणखी एक गोष्ट ते बजावीत: मिठाचा संपर्क आलेले तूप किंवा चरबी नळीस लावू नये, कारण मीठ ओल ओढते आणि लोखंड खाते. हेच मेण शिसे ओततानाही उपयोगी पडे. वितळलेल्या शिशात त्याचा खडा टाकला की मळी वर येऊन वेगळी होते. मात्र त्या पळीत पाण्याचा एक थेंब पडला तर शिसे उसळून तोंडावर येते, आणि त्याचा धूर व धूळ विषारी असते. त्या काळच्या स्वयंपाकघरातील चुलीवर मुलाबाळांदेखत हा उद्योग चाले याचे आज भय वाटते.

प्राण्याच्या चरबीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण पुढची सारी हकीकत तिच्याभोवती आहे. चरबी स्वस्त, मऊ आणि वंगण म्हणून उत्तम काम करणारी. यात संशय नाही. परंतु ती जुनी झाली की आंबते, तिच्यातील आम्ल शिशास खाते आणि गोळीवर पांढरा थर चढतो. महिनोन् महिने कोठारात पडून राहणाऱ्या काडतुसाला हा मोठाच दोष. पुढे इंग्रजी लष्करानेही चरबीचा अंश घटवून मेणावर भर दिला. म्हणजे धर्माचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवला तरी निव्वळ वंगणाच्या परीक्षेतही चरबी मेणापेक्षा कमीच ठरते. हा निर्णय चार वर्षे आधी झाला असता तर!

१८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल बंगालच्या फौजेस देण्याचे ठरले तेव्हा जुनी गुळगुळीत नळीची 'ब्राउन बेस' बंदूक जावयाची होती. नव्या बंदुकीच्या नळीत तीन पिळाच्या खाचा होत्या. गोळी नळीपेक्षा किंचित बारीक ठेवीत, म्हणजे ती सहज आत उतरे, आणि बार उडताच तिचा मागचा पोकळ भाग फुगून खाचांत बसे. काजळी साचली तर ही सर्व युक्ती फुकट, म्हणून गोळीवरील कागदास वंगण देणे भाग होते. काडतूस दातांनी फाडून दारू नळीत ओतावी, मग वंगण लावलेल्या बाजूने गोळी आत घालावी, अशी कवाईत. विलायतेत हे वंगण मुख्यतः चरबीचे असे. १८५३ मध्येच अशी काडतुसे हवामानाची परीक्षा पाहण्यासाठी हिंदुस्थानात आली, आणि बंगाल फौजेचे ॲड्ज्युटंट जनरल कर्नल टकर यांनी त्याच वर्षी इशारा दिला की वंगण शिपायांच्या जातिधर्मास बाधणारे नाही याची खात्री झाल्याखेरीज ही काडतुसे एतद्देशीय पलटणींस देऊ नयेत. तो कागद दप्तरात राहिला. कलकत्त्यास काडतुसे होऊ लागली तेव्हा चरबी ठेक्याने घेतली गेली, आणि ती कोणत्या प्राण्याची असावी याची विशेष खबरदारी घेतली गेली नाही, असे पुढे चौकशीत निघाले.

१८५७ च्या जानेवारीत कलकत्त्याजवळील दमदम येथे जे घडले ते शाळेच्या पुस्तकातही आहे. दारूगोळ्याच्या कारखान्यातील एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे पाण्यासाठी लोटा मागितला. शिपायाने जातीवरून नकार दिला. तेव्हा तो म्हणाला की लवकरच गाईच्या व डुकराच्या चरबीची काडतुसे तोंडाने तोडावी लागतील, मग जात कोठे राहील? आपल्या समाजातील वाचकांनी या प्रसंगाकडे थोडे थांबून पाहावे असे आम्हांस वाटते. राज्य हालवून सोडणारी बातमी फुटली ती लोटा नाकारल्याच्या रागातून. चरबीचा विटाळ मानणाऱ्याने त्याच क्षणी एका श्रमिकाचाही विटाळ मानला होता, ही गोष्ट बंडाचे पवाडे गाताना सहसा सांगितली जात नाही.

आणि आता तेलाकडे येऊ. २२ जानेवारीस ही कुणकुण वरिष्ठांच्या कानी गेली. लगोलग दमदमच्या मेजर बॉन्टीन यांनी शिपायांना एकत्र करून तक्रार विचारली. शिपायांनी तक्रार सांगितली आणि तोडही सांगितली: चरबीऐवजी मेण व तेल यांचे योग्य प्रमाणात मिश्रण वापरावे. बराकपूरचे जनरल हिअर्सी यांनीही सुचविले की वंगणाचे जिन्नस शिपायांनी स्वतः बाजारातून आणावेत. २७ जानेवारीस सरकारचा हुकूम निघाला की काडतुसे वंगणाशिवाय द्यावीत आणि शिपायांनी आपल्या पसंतीचे मिश्रण आपल्या हाताने लावावे. बाजारातून तेल आणावयाचे म्हणजे ते कोणाच्या दुकानातून हे आम्ही सांगावयास नको. ज्या उत्तरेत प्रवासास निघताना तेली समोर आला तर अपशकुन मानीत, आणि ती समजूत आमच्या वऱ्हाड-नागपुराकडेही होतीच, तेथेच धर्म राखण्यासाठी तेल्याच्या पळीकडे बोट दाखविले गेले! इतिहासाला विनोदबुद्धी नसते असे कोण म्हणेल?

आमच्या काही सभांतून याच आधारावर असे बोलले जाते की तेल आधी वापरले असते तर सत्तावनचे बंड झालेच नसते. टाळ्या मिळवावयास हे वाक्य ठीक आहे, पण ते टिकत नाही. कारण तेलाची परवानगी जानेवारीतच मिळाली होती आणि तरीही बंड झाले. चरबी लावलेली काडतुसे बहुतेक शिपायांच्या हाती प्रत्यक्ष पडलीच नाहीत. २६ फेब्रुवारीस बहरामपूरच्या १९ व्या पलटणीने काडतुसे नाकारली ती नव्या रायफलीची नव्हती. तेव्हा शंका वंगणावरून सरकून काडतुसाच्या चकचकीत कागदावर गेली होती. कागदातच काही मिसळले असावे, असे लोक म्हणू लागले. काडतूस दातांऐवजी हाताने फाडण्याची मोकळीक पुढे देण्यात आली; तिचाही उपयोग झाला नाही. २९ मार्चला बराकपुरास मंगल पांडे यांनी शस्त्र उचलले आणि ८ एप्रिलला त्यांना फाशी झाली. २४ एप्रिलला मेरठच्या ९० घोडेस्वारांपैकी ८५ जणांनी काडतुसे घेण्याचे नाकारले, ९ मे रोजी त्यांना सर्वांसमक्ष बेड्या ठोकल्या, आणि १० मे रोजी जे व्हावयाचे ते झाले. अवध खालसा केल्याचा राग, पगार-भत्त्याच्या तक्रारी, परदेशी पाठविण्याची सक्ती ही कारणे खाली साचलेलीच होती.

आमच्या मते यातील खरी गोष्ट घाणेवाल्याला इतरांपेक्षा लवकर कळते. गावच्या घाण्यावर गिऱ्हाईक आपले तीळ आणते, डोळ्यांदेखत घाण्यात टाकते, बैल फिरतो, तेल निघते, ढेप निघते, आणि दोन्ही उचलून ते घरी जाते. त्याला तेलाची परीक्षा करावी लागत नाही, कारण त्याने ते होताना पाहिलेले असते. ठेक्याने आलेल्या, भिंतीआड ओतलेल्या, कागदात गुंडाळून मिळालेल्या वस्तूची ती गोष्ट नाही. तिच्याविषयी एकदा संशय आला की मागाहून कितीही शुद्ध तेल देऊ केले तरी तो संशय कागदावर जातो, पिठावर जातो. त्या वर्षी आट्यात हाडांची पूड मिसळल्याच्या अफवा उठल्याच होत्या. शिपायांनी मेण आणि तेल मागितले त्यात पदार्थाइतकीच मागणी आपल्या हाताने, आपल्या डोळ्यांसमोर मिसळण्याची होती. हुकुमाने पदार्थ दिला. विश्वास हुकुमाने देता येत नाही.

मराठी वाचकांस ही काडतुसांची हकीकत विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकामुळे परिचित आहे. आमच्या भागात मात्र ती अनेकदा चुकीच्या ठिकाणी चिकटविली जाते. चांद्याचा १८५८ चा उठाव चरबीच्या काडतुसांमुळे झाला असे सांगणारे वक्ते आम्ही ऐकले आहेत. तसे नाही. नागपूरकर भोसल्यांचे राज्य तिसरे रघुजी वारल्यानंतर खालसा झाले आणि चांदा इंग्रजांकडे गेला. नागपुरास १३ जून १८५७ रोजी टाकळीच्या घोडदळात ठरलेला उठाव फसला. पुढच्या वर्षी मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव शेडमाके उठले. त्यांच्या पाठीशी गोंड, माडिया व रोहिले होते. ती पलटण नव्हती, आणि काडतूस तोडण्याची कवाईत त्यांना कोणी लावली नव्हती. त्यांचा प्रश्न जमिनीचा, जंगलाचा व सत्तेचा होता. १३ मार्च १८५८ रोजी नांदगाव-घोसरी येथे त्यांनी इंग्रजांच्या तुकडीस हटविले. अडपल्ली व घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. हे घोट म्हणजे आजच्या चामोर्शी तालुक्यातलेच. २९ एप्रिलला प्राणहितेकाठी चिंचगुडी येथील तारखात्याच्या छावणीवर हल्ला होऊन गार्टलँड व हॉल हे दोन इंग्रज मारले गेले. कॅप्टन क्रिक्टन यांनी अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दबाव आणून बाबुरावांस पकडविले, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. त्या वेळी त्यांचे वय अवघे पंचवीस. २००९ साली टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीट काढले. त्यांच्या लढ्यास मेरठच्या काडतुसाची कुबडी देण्याचे काही कारण नाही.

पुढचा वंगणाचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. १८६० नंतरच्या दशकात मागून भरावयाच्या बंदुका व धातूची काडतुसे आली. तोंडाने तोडण्याचा प्रश्नच संपला. शतक सरता सरता बिनधुराची दारू व तांब्याच्या मिश्रधातूचे कवच असलेली गोळी आली, मग वंगणाचीही गरज राहिली नाही. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीस आयुध निर्माणी उभी राहिली, तिचा आणि मेणाच्या वाटीचा काही संबंध नाही. परंतु जंगलात ठासणीची बंदूक मागे उरली. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवाना आला, १९५९ च्या कायद्यातही तो राहिला, आणि पीकसंरक्षणासाठी अशा बंदुका शेतकऱ्यांस मिळत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचे दिवस संपविले, ते योग्यच झाले. या उरलेल्या भरमारींना मोटारीचे ग्रीस लावण्याची फॅशन मध्यंतरी निघाली होती. तिचा अनुभव वाईट, कारण खनिज तेल काळ्या दारूच्या काजळीशी मिळून डांबरासारखे होते आणि गज अडकतो. झाडाचे तेल व मेण यांनी तसे होत नाही. अलीकडच्या वर्षांत गडचिरोली जिल्ह्यातील दुर्गम गावांनी आपल्याकडील भरमार बंदुका स्वतः होऊन पोलिसांच्या स्वाधीन केल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

बंदुकीच्या मागोमाग घाणाही गेला. १९३४ साली वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि झवेरभाई पटेलांसारख्यांनी सुधारलेली वर्धा घाणी तयार केली, तेव्हा आमच्या घरांना उभारी आली होती. पण गिरणीचे स्वस्त तेल आणि नंतर पिशवीतील तेल यांच्यापुढे बैलाचा घाणा टिकला नाही. टोळी वेचून आणणाऱ्या बायका अजून आहेत. ती गाळणारे हात कमी झाले. आता शहरांत 'लाकडी घाण्याचे तेल' अशी पाटी लावून तेच तेल चौपट भावाने विकले जाते, आणि गिऱ्हाईक काचेतून घाणा फिरताना पाहते.

चामोर्शी, घोट, आष्टी व आसपासच्या ज्ञातिबांधवांस एक विनंती आहे. आपल्या घरी माळ्यावर जुन्या घाण्याची लाट, तेल मोजण्याची मापे, टोळीच्या उलाढालीच्या मोडी वह्या किंवा गोळी ओतण्याचा रिकामा साचा पडून असेल तर तो मोडीत घालू नये. त्याचे छायाचित्र व तो कोणाच्या काळचा एवढी माहिती पुढील स्मरणिकेसाठी संपादक मंडळाकडे पाठवावी. वृद्ध माणसे घरी असतील तर मेण व तेल कोणत्या महिन्यात किती मिसळीत, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. बंदूक किंवा दारू सापडल्यास मात्र ती आमच्याकडे न पाठविता थेट पोलीस ठाण्यात द्यावी.